महासंगणकावरचा पहिला जॉब

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था सुरू झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेनं पुढं गावोगावी यंत्रं दिली: वाराणसीत ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’. पण यंत्राची फीत कापली जाते तेव्हा फोटो निघतात. ते वापरणारी माणसं घडवण्याचं काम मात्र बिनफोटोचं. याच मोहिमेत खरगपूर, मद्रास, गोवा आणि पलक्कडच्या आयआयटींत त्यासाठी प्रशिक्षण केंद्रं निघाली.

अशा वर्गात रसायनवाला, हवामानवाला, जनुकवाली एकाच बाकावर. आयुष्यभर माऊस फिरवलेल्यांसमोर काळा पडदा येतो आणि लिनक्सच्या आज्ञा टाइप कराव्या लागतात. महासंगणक म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक संगणक, म्हणजेच नोड; लॉगिन केलं की आपण पोचतो फक्त सगळ्यांच्या सामाइक लॉगिन नोडवर. तिथंच गणित सुरू करणं म्हणजे सगळ्यांची वाट अडवणं. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहायची: किती नोड, किती कोअर, किती वेळ. ती कामांची रांग लावणाऱ्या ‘स्लर्म’ या प्रोग्रॅमकडं सोपवायची आणि रांगेत थांबायचं; असं सोपवलेलं काम म्हणजे ‘जॉब’. नवखा हमखास दोन तासांच्या कामाला दोन दिवस मागतो आणि जॉब ‘पेंडिंग’ का, म्हणून कुरकुरतो. नेमका वेळ मागणाऱ्याचा छोटा जॉब मधल्या फटीत बसून जातो.

खरी कसोटी पुढं: काम वाटायचं कसं? जनुकवालीचं सोपं, हजार नमुने, हजार सुटे जॉब. हवामानवाला नकाशाचे चौकोन पाडतो, पण शेजारच्या चौकोनातलं वारं कळल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. बांधावरच्या शेतकऱ्यांसारखी प्रत्येक पायरीला सीमेवरच्या आकड्यांची देवाणघेवाण, एमपीआय या निरोप पोचवणाऱ्या प्रणालीमार्फत. त्यात जीन ॲमडाल यांचा १९६७ चा हिशेब आडवा येतो: प्रोग्रॅमचा ५ टक्के भाग एकामागून एकच चालणारा असेल, तर हजार कोअर लावले तरी वेग २० पटींपुढं जात नाही. कुठला भाग वाटता येतो, हे संगणकवाल्यापेक्षा त्या विषयाच्या माणसाला जास्त कळतं. म्हणूनच त्याला हे शिकवायचं. प्रोग्रॅमर करायला नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे: काही दिवसांच्या कार्यशाळेतला बराच वेळ लिनक्सच खातं. तेवढं एमएस्सीतच शिकवून टाकावं, आणि कार्यशाळेला जाणाऱ्यानं पुस्तकी उदाहरण नव्हे, स्वतःचा अडलेला प्रोग्रॅम बरोबर न्यावा.