कंठभूषणांची जोडणी : कालनिर्णयाचें एक उपेक्षित साधन

ताम्रपट हातीं आला कीं त्याचे पत्रे ज्या कडींत ओविले असतील ती कडी पूर्वीं कापलेली होती कीं अखंड होती, याची नोंद संपादक अवश्य करतो. कारण कडी तुटली असल्यास पत्रे मूळचेच व तितकेच आहेत अशी खात्री देतां येत नाहीं. हाच न्याय गळ्यांतील जुन्या अलंकारांस लावावा, असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेंतील हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. अजिंठ्याच्या चित्रांत मोत्यांचे हार विपुल आहेत. परंतु ते दिसतात वक्षःस्थलावर. मानेमागें त्यांचीं टोकें कशीं जोडिलीं होतीं हें बहुधा झांकलेलेंच राहतें. ग्रंथांतील भेदही मुख्यतः संख्येवरून केलेले आहेत. कौटिल्याची नक्षत्रमाला २७ सरांची, तर अमरकोशांतील २७ मोत्यांची. तेव्हां जोडणीचा पुरावा प्रत्यक्ष वस्तूंतच शोधिला पाहिजे.

ही जोडणी मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली दोऱ्याची. पटवेकरी रेशमाचे वा सुताचे पेड वळून, मेण लावून मणी ओवतो. दोऱ्याचें टोक दोन-तीन मण्यांतून मागें आणून गांठ भोकांत दडवितो. एका टोकास फांसा व दुसऱ्यास गोंडा केला म्हणजे काम झालें. ठुशीचे दोरे सरकत्या गांठींतून नेल्यास ती लहान-मोठ्या गळ्यास सारखीच बसते. दुसरी जोडणी आंकडा व कडी यांची. कडीची सांध उघडी राहिल्यास दोरा तींत अडकून कापला जातो, म्हणून तिला डाक देतात. आणि आंचेनें रेशीम जळतें म्हणून हें काम ओवण्यापूर्वींच उरकतात. तिसरी मळसूत्राची. हींत आंटे पाडलेला दांडा नळींत फिरवून बसवितात. बंजारा स्त्रियांची चांदीची हांसळी मात्र ताठ व मागें उघडी असल्यानें तिला यांपैकीं कांहींच लागत नाहीं.

आतां कालनिर्णयाचा प्रश्न. सोनें टिकतें, दोरा झिजतो. पुतळ्यांच्या माळेंत नाणें पाडल्याचा काळ एक, त्यास नाकें डाकल्याचा दुसरा व माळ शेवटची गांठविल्याचा तिसरा. नाण्यावरून केवळ पूर्वमर्यादा ठरते. माळ त्याहून जुनी नाहीं, एवढेंच. तसेंच जुन्या ठुशीस मळसूत्र आढळल्यास ठुशी अर्वाचीन ठरत नाहीं. दुरुस्तीचाही संभव असतो. मण्यांचीं भोकें दोऱ्यानें झिजून रुंदावलीं असून कडी-आंकड्यांवर घांसल्याची खूण नसेल, तर जोडणी मागाहूनची, हें अनुमान सयुक्तिक होय.

परंतु हा पुरावा क्षणांत नष्ट होतो. अलंकार मोडींत निघाला कीं सोन्याचें वजन करण्यासाठीं प्रथम दोरा कापला जातो, आणि पटवेकऱ्याची सारी विद्या केरांत जाते. म्हणून वाशीम, कारंजें, मानोरा या बाजूंच्या वाचकांस विनंति अशी कीं, घरांतील जुना दागिना मोडण्यापूर्वीं वा नव्यानें गांठविण्यापूर्वीं त्याच्या मागील बाजूचें छायाचित्र घ्यावें. दोऱ्याचे पेड, गांठीचा प्रकार, डाकाचा रंग व एकंदर लांबी टिपून ठेवावी. पुढील बाजूवरून अलंकाराचें नांव कळतें. त्याचा इतिहास मागील बाजूस असतो.