हॉटेलच्या कांद्याची वाट

मंडळी, मिसळीबरोबर कांद्याऐवजी चिरलेला कोबी पुढ्यात आला, की गिऱ्हाईक आधी वाढप्यावर डाफरते आणि मग गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहते. मालक बिचारा छताकडे पाहतो! डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत किरकोळ कांद्याने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हाची ही गोष्ट. फलकावरचा मिसळीचा भाव काही रोज पुसून लिहिता येत नाही. कांद्याचा मात्र रोज बदलतो. छोट्या खानावळीचा जीव या दोहोंच्या मध्ये अडकलेला असतो.

असे का होते, हे समजायला लासलगावपर्यंत जायला हवे. नाशिककडचा उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या दिवसांत निघतो. तो टिकाऊ, शेतकरी तो चाळीत भरून ठेवतो. जमिनीपासून उचललेला तळ, खालून नि बाजूंनी वारा खेळेल अशा फटी आणि वर छप्पर, एवढेच चाळीचे शास्त्र. पुण्याकडे हिलाच बराक म्हणतात. तरीदेखील महिन्यामागून महिना माल वाळतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून येऊ लागतो. म्हणजे भाद्रपद-आश्विनात चाळी रित्या होत आलेल्या आणि नवा माल अजून शेतात, अशी अडचणीची वेळ येते. २०१९ मध्ये नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, शेतातले पीकही गेले, आणि मग काय, कोबी!

दुसरी अडचण वाटेची. नाशिकचा माल कसाऱ्याचा घाट उतरून वाशीच्या घाऊक बाजारात येतो, पुण्याकडचा बोरघाटाने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रस्ते आणि रेल्वे दोन्ही बंद पडली. अशा दिवशी दुकानात असेल तेवढ्यावरच भागवायचे.

मग हॉटेलवाल्याने करावे काय? रोज वीस किलो कांदा लागत असेल, तर पाच दिवसांचा म्हणजे शंभर किलो, पन्नास किलोच्या दोन गोण्या, हाताशी असाव्यात. पण भटारखान्याच्या वाफेत, ओल्या फरशीवर नव्हे! फळीवर पसरून, वारा लागेल अशा जागी ठेवावा. मुंबईत अशी जागा कुठून आणायची, असे आपण विचाराल. खरे आहे, मग शेजारच्या दोघातिघांनी मिळून एक खोली घ्यावी. एक व्यापारी नाशिकचा माल देणारा, दुसरा पुण्या-नगरकडचा, अशी दोन दारे उघडी असावीत. एक घाट बंद झाला तरी दुसरा चालू असण्याची आशा राहते.

याहून मोठी गोष्ट उधारीची. स्वस्ताईत महिना महिना पैसे थकवणाऱ्याला टंचाईत गोणी कोण देणार? अडत्या तिथे रोखवाल्याचाच फोन आधी उचलतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. काही हॉटेलवाले उन्हाळ्यातच थेट शेतकऱ्याशी बोलून, थोडी उचल देऊन चाळीतला माल राखून ठेवतात. शेतकऱ्यालाही मे महिन्यात पडत्या भावात सगळा कांदा विकावा लागत नाही. मात्र भाव ठरवताना चाळीतली घट कोणी सोसायची, हे आधीच लिहून घ्यावे. भांडणे होतात ती तिथेच.

आणि रश्श्याला वाळवलेला कांदा चालतो बरे का. भज्यांना मात्र चालत नाही.