घरचा सोबती – भाग ६ : साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा व्यायाम

मागच्या आठवड्यात कुत्र्याच्या खाण्याचं पाहिलं. खाल्लेलं जिरवायचं कसं, हा आजचा विषय.

पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात प्लॉटिंगमधल्या बऱ्याच बंगल्यांपुढे आता लॅब्रॅडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड दिसतो. राखणीला ठेवलाय म्हणून दिवसभर गेटजवळ साखळीला. खरी राखण करणारी मेंढपाळाची कुत्री पाहा. दिवसभर मेंढरांमागे चालतात, रात्री वाघुरीभोवती फिरतात. त्यांचा व्यायाम कामातच होतो. बंगल्यातल्या कुत्र्याचं काम आपण काढून घेतलं, खाणं तेवढं ठेवलं. मग ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत सुटतं, कुंड्या उकरतं, पंजे चाटून लाल करतं, नाहीतर नुसतं फुगत जातं, आणि आपण म्हणतो, कुत्रं वांड निघालं. मला हा त्या जिवावरचा अन्याय वाटतो. कायदाही तेच म्हणतो. प्राण्यांच्या छळाला बंदी करणाऱ्या १९६०च्या कायद्यात, कलम ११ खाली, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा आहे.

फिरवायचं कधी, हा आपल्याकडे अवघड प्रश्न. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही नीट टाकता येत नाही. एप्रिल-मेमध्ये डांबराला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून पाहा. तुम्हाला सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे चला.

मग अंधारातच फिरवावं, असं शहरातला माणूस सांगेल. इथे ते चालत नाही. २०२०च्या ऑक्टोबरात मढी, केळवंडी, शिरापूर भागात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले, ते तालुका विसरलेला नाही. आणि कुत्रं तर बिबट्याचं आवडतं खाणं. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार अभ्यासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने, त्याच्या भक्ष्यात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्या मानाने मागेच राहिल्या. म्हणून सकाळी नीट उजाडल्यावर निघा, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परता. वस्तीवर राहत असाल, तर ऊस-तुरीच्या कडेने मोकळं सोडू नका, पट्टा हातात असू द्या. आणि रात्री कुत्रं अंगणात बांधण्यापेक्षा बंदिस्त जागेत ठेवा.

ऊन आणि बिबट्या यांच्यामधून फिरायला फार थोडा वेळ उरतो. पण पळणं म्हणजेच व्यायाम नव्हे. कुत्र्याचं डोकं नाकातून चालतं. वाटेत खांब-झुडपं हुंगत रेंगाळलं तर ओढू नका, तेवढ्या वेळात ते गल्लीची सगळी खबर घेत असतं. दुपारी घरातच भाकरीचे तुकडे लपवा: एक दाराआड, एक पोत्याच्या घडीत, एक उपड्या टोपलीखाली. पहिल्यांदा त्याच्या देखत ठेवा, खेळ कळला की बाहेर थांबवून. जुना टॉवेल पसरून त्यात तुकडे टाका, गुंडाळी करून द्या, उलगडत बसेल. हे शोधणं त्याला चांगलंच दमवतं, आणि म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्यालाही जमतं.

चेंडू खेळवायचा तर घशात जाणार नाही एवढा मोठा घ्या. दोरीची ओढाओढ खुशाल करा, फक्त ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला आधी शिकवा. पिल्लाला जिन्यावरून उड्या मारायला लावू नका, त्याची हाडं अजून कोवळी असतात. जेवणानंतर तास-दीड तास पळवू नका. जर्मन शेफर्ड, डॉबरमनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो काही तासांत जीव घेतो.

बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याला गोचीड लागणारच. त्याचं पुढच्या आठवड्यात.