रात्री साद घालणारा चक्रवाक

भिगवणला गर्दी होते ती रोहित पाहायला. उजनीच्या पाणफुगवट्यातल्या त्या गुलाबी थव्यांवर साऱ्या दुर्बिणी खिळतात आणि काठच्या चिखलात बसलेल्या केशरी बदकांच्या जोडीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. माझा जीव मात्र या जोडीवर आहे. हा चक्रवाक, म्हणजेच ब्राह्मणी बदक. अंग विटकरी-केशरी, डोके फिकट बदामी, शेपूट काळी. उडाला की पंखांवरचा पांढराशुभ्र पट्टा लख्खकन दिसतो. नराच्या गळ्यातली काळी कंठी विणीच्या काळातच ठळक होते. म्हणून हिवाळ्यात चेहरा पाहावा, मादीचा अधिक पांढुरका असतो.

लडाख, तिबेट, मंगोलियाच्या पठारांवर वीण उरकून हे पक्षी ऑक्टोबरच्या सुमारास आपल्याकडे येऊ लागतात. वाटेत हिमालय आडवा येतो. जीपीएस यंत्रे बसवलेले चक्रवाक तो ओलांडताना ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

कवींनी मात्र त्याच्या नशिबी विरह लिहिला. दिवसभर जोडीने राहायचे आणि सूर्य मावळला की नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालत रात्र काढायची. अथर्ववेदाच्या विवाहमंत्रांत नवदांपत्याला याच जोडीची उपमा आहे. 'मेघदूता'तली एकाकी यक्षपत्नी चक्रवाकीसारखी. 'ज्ञानेश्वरी'च्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी तर बुद्धी आणि बोध हीच ती दोन पाखरे; भेदाच्या नदीच्या दोन थडींवर ती आक्रंदतात आणि ज्ञानसूर्य त्यांची गाठ घालून देतो.

ही निव्वळ कल्पना नव्हे, असे मला ठामपणे वाटते. चक्रवाक दिवसाचा बराच वेळ वाळूच्या पट्ट्यांवर विसावतो आणि अंधार पडल्यावर अधिक चरतो. गवत, कोवळे कोंब, धान्य, किडे, गोगलगायी असे काहीही त्याला चालते. चरताना जोडीदार दूर गेला तर काळोखात आधार आवाजाचाच. ती नाकातून निघालेली खणखणीत हाक पाण्यावरून लांब जाते. काठावर ऐकणाऱ्याला एक हाक अलीकडून येते, उत्तर पलीकडून. विरह कवींचा असेल, पण हाका खऱ्या आहेत, आणि त्या कुणीतरी रात्री नदीकाठी बसून कान देऊन ऐकल्या आहेत.

खरा दुरावा येतो तो विणीच्या काळात, तिकडे उत्तरेत. कड्याच्या कपारीत किंवा बिळात मादी जवळपास चार आठवडे एकटीच अंडी उबवते. नर आसपास राहून राखण करतो. पिल्ले बाहेर पडली की दोघे मिळून त्यांना सांभाळतात.