फ्लोरिडाच्या रॉक बँडच्या गिटारमधून चक्क मींड ऐकू येते, ती कशी?

फेब्रुवारी २०१४. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरला होता. कांदिवलीहून स्लो लोकल पकडली तर जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. तिथे वाजवायला आला होता फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा टेडेस्की ट्रक्स बँड. नावातला ‘ट्रक्स’ म्हणजे मालट्रक नाही बरं का, ते आडनाव आहे.

आता हे सदर्न रॉक काय प्रकरण आहे? जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांचा ब्लूज, चर्चमधलं गॉस्पेल आणि गावाकडचं कंट्री संगीत शेजारी शेजारी नांदत होतं. रॉकमध्ये हे सगळं मिसळलं आणि त्यातून ऑलमन ब्रदर्ससारखे बँड उभे राहिले. त्यांचा गिटारिस्ट ड्युएन ऑलमन बोटात औषधाची रिकामी काचेची बाटली अडकवून तारांवरून फिरवायचा. यालाच स्लाइड म्हणतात. १९७१ मध्ये मोटारसायकल अपघातात तो गेला, तेव्हा तो फक्त २४ वर्षांचा होता.

त्याच बँडचा ड्रमर बुच ट्रक्स. त्याचा पुतण्या डेरेक १९७९ मध्ये जन्मला, आणि काचेची नळी बोटात चढवून त्याने तीच वाट धरली.

खरी गंमत इथे आहे. साध्या गिटारवर पडदे असतात. पेटीच्या पट्ट्यांसारखे सूर ठरलेले, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. काच तारेवरून घसरली की मधल्या सगळ्या जागा मोकळ्या होतात. गवई सा वरून ग वर न तुटता जातो, तसंच. म्हणजे मींडच की! आपल्याकडे व्हॅन शिपले, ब्रिजभूषण काबरा यांनी अशाच सरकत्या सुरांवर गिटार गाती केली होती. डेरेक तर कॅलिफोर्नियातल्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात शिकलाय. नुसरत फतेह अली खाँ यांच्या कव्वाल्याही त्याने गिटारवर वाजवल्या. त्यामुळे त्याच्या वाजवण्यात ‘भारतीय टच’ वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. मुळात त्याला गिटार गळ्यासारखी हवी आहे.

आणि गळा घरातच आहे. बायको सुझन टेडेस्की ही ब्लूज गायिका. दोघांचे वेगवेगळे बँड, वेगवेगळे दौरे आणि घरी दोन मुलं. २०१० मध्ये त्यांनी दोन्ही बँड बाजूला ठेवून एकच केला. ब्रास, दोन ड्रमर, कोरस धरून बारा जणांचं खटलं! एवढ्यांना घेऊन दौरे काढणं म्हणजे तोट्याला आमंत्रण. तरी पहिल्याच ‘रेव्हलेटर’ अल्बमला ग्रॅमी मिळालं.

पण १५ फेब्रुवारी २०१९ ला, ‘साइन्स’ हा अल्बम आला त्याच दिवशी, कीबोर्ड आणि बासरी वाजवणारा कोफी बरब्रिज गेला. बँड थांबला नाही. २०२२ मध्ये निजामीच्या लैला-मजनूवर त्यांनी २४ गाण्यांचे चार अल्बम काढले, तेही लैलाच्या बाजूने विचार करत.

सुरुवात करायची असेल तर ‘मिडनाइट इन हार्लेम’चं २०१२ च्या ‘एव्हरीबडीज टॉकिन’ अल्बममधलं लाइव्ह रेकॉर्डिंग लावा. गाण्याआधी डेरेक संथ आलापासारखं वाजवतो. त्या भागाला त्यांनीच नाव दिलंय ‘स्वॅम्प रागा’, म्हणजे दलदलीतला राग. कांदिवलीला लावलंत तर अंधेरी यायच्या सुमारास संपेल.