सांगलीची हळद, कुलाब्याचा लेसर

1972 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मॅग्डे, एल्सन आणि वेब यांनी द्रावणातल्या प्रतिदीप्तीच्या, म्हणजे फ्लुओरेसन्सच्या, बारीक चढउतारांवरून रेणूंची ये-जा मोजण्याची पद्धत मांडली. सातारा-सांगलीची कॉलेजे ज्याला जोडलेली, ते शिवाजी विद्यापीठ तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. विज्ञान शिकायची सोय मात्र त्याआधीची. सांगलीचे विलिंग्डन 1919 चे, साताऱ्यातले रयत शिक्षण संस्थेचे सायन्स कॉलेज 1958 चे. शेतकऱ्यांच्या घरातली कितीतरी मुले तिथे पहिल्यांदा ब्युरेट-पिपेट हाताळायला शिकली आणि पुढे एम.एस्सी.ला कोल्हापूरला गेली.

कोल्हापुरात रसायनशास्त्र विभागात प्रतिदीप्तीची प्रयोगशाळा उभी राहिली, हे या भागाचे भाग्यच. प्रा. एस. आर. पाटील आणि प्रा. जी. बी. कोळेकर यांच्या गटाचे एक काम जवळून पाहण्यासारखे आहे. अँथ्रासीन पाण्यात विरघळत नाही. या गटाने त्याचे नॅनोकण करून, त्यांना पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनचे वेष्टण देऊन ते पाण्यात टिकवले. अतिनील प्रकाश पडला की हे कण चमकतात. शेजारी फ्लुओरेसिन असेल तर ते ही ऊर्जा परस्पर उचलते आणि कणांचा उजेड घटतो. किती घटला यावरून फ्लुओरेसिन किती ते कळते. डोळ्यांच्या तपासणीत वापरतात तेच हे रंगद्रव्य. 2015 च्या सुमारास त्यांनी ही रीत डोळ्यांच्या औषधाच्या नमुन्यांवर लावून दाखवली. महागडा लेसर हाताशी नसतानाही असे काम उभे राहते, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याआधीच जगात गाडी बरीच पुढे गेली होती. 1989 मध्ये मोर्नर आणि कॅडॉर यांना पॅरा-टरफेनिलच्या गोठवलेल्या स्फटिकात पेंटासीनचा एकटा रेणू सापडला, तो प्रकाशशोषणावरून. पुढच्याच वर्षी बोर्दो इथे ओरिट आणि बर्नार यांनी तसाच रेणू प्रतिदीप्तीवरून टिपला. 1995 पासून बर्लिनमध्ये एकल-रेणू मापनावर दरवर्षीची कार्यशाळा सुरू झाली. 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मोर्नर, बेट्झिग आणि हेल यांना मिळाले.

महाराष्ट्रात ही विद्या रुजली कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पेरियासामी आणि कृष्णमूर्ती यांनी तिथे प्रतिदीप्तीचा काळ मोजला. वेब यांच्याकडे काम करून आलेल्या सुदीप्त मैती यांनी चढउतारांची पद्धत आणली. काळ मोजायची युक्ती सोपी आहे. लेसरचा ठोका पडला की घड्याळ सुरू, फोटॉन आला की बंद; असे लाखो वेळा केले की रेणू किती वेळ उत्तेजित राहतो याचा आलेख मिळतो. एकट्या रेणूसाठी लेसर एका घन मायक्रॉनएवढ्या जागेत एकवटतात. 1 नॅनोमोलर द्रावणात तेवढ्या जागेत सरासरी 0.6 रेणू असतो.

आणि आपली हळद? तिच्यातले कर्क्युमिन मुळातच प्रतिदीप्त आहे. हळद स्पिरिटमध्ये खलून गाळली आणि नोटा तपासायचा अतिनील टॉर्च त्यावर धरला की हिरवट-पिवळा उजेड दिसतो. पाणी घालत गेले की तो मंदावतो. स्पिरिटमध्येसुद्धा कर्क्युमिनची उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदभरही टिकत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात इंदिरा प्रियदर्शिनी यांनी या रेणूवर दीर्घकाळ काम केले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड बीटाच्या गुठळ्यांची रचना कर्क्युमिनमुळे कशी बदलते, हे 2014 मध्ये कुलाब्याच्याच गटाने दाखवले.

म्हणजे द्रव्य सांगलीच्या पेठेत, रसायनाचे हात कोल्हापुरात आणि काळ मोजणारे घड्याळ कुलाब्याला. या पन्नास वर्षांत मला खटकते ते हे अंतर. असे यंत्र प्रत्येक कॉलेजला परवडणार नाही, हे मान्य. पण फोटॉनमोजणीची कच्ची फाइल पेनड्राइव्हवर येते आणि तिचे विश्लेषण साताऱ्यातल्या कॉलेजच्या संगणकावरही होते. कार्यशाळा घ्यायचीच, तर व्याख्याने दोनच ठेवावीत. मुलांनी आपल्या हाताने हळदीचे नमुने करावेत, ते घेऊन मुंबईला जावे, आपापल्या फाइली घेऊन परतावे आणि पुढचे आठ दिवस त्या आलेखांशी झटावे. रयतने कमवा आणि शिका या योजनेत मुलांच्या हातांवर विश्वास टाकला होता. तोच विश्वास आता लेसरच्या टेबलापाशीही टाकावा, एवढेच माझे मागणे आहे.