कार्बनची सायकल जुळवताना

माझ्या वडिलांचे पुण्यात नारायण पेठेत सायकलचे दुकान होते. दुकान म्हणजे एक गाळा, भाड्याने द्यायच्या बारा सायकली, हवा भरायचा पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचे घमेले. शाळा सुटली की दप्तर आत टाकायचे आणि पाना हातात घ्यायचा. चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे, ओव्हरऑइलिंग करणे ही कामे मी तिथेच शिकलो. पुढे मला बँकेत नोकरी लागली, दुकान बंद झाले. पान्यांची पेटी मात्र मी ठेवून घेतली. “पाना किती आवळायचा हे कुणी सांगत नसतं. ते हाताला कळतं,” असे अण्णा म्हणत. चाळीसहून अधिक वर्षे मी हे वाक्य खरे मानत आलो. निवृत्तीनंतर एक सायकल जुळवताना मला त्यात दुरुस्ती करावी लागली, ती गोष्ट आज सांगतो.

माझी मुलगी दर रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर सायकलने सिंहगडावर जाते. तिला कार्बन फायबरची रोड बाइक हवी होती. दुकानात पाहिली तशी सायकल एक लाख ऐंशी हजारांची निघाली. मी म्हणालो, “फ्रेम तेवढी आणू, बाकी सायकल मी जुळवून देतो.” चीनमधल्या एका छोट्या उत्पादकाकडून आम्ही फ्रेम, पुढचा चिमटा आणि सीटचा दांडा मागवला. कस्टम्सचे पैसे धरून अडतीस हजार पडले. खोके उघडून मी फ्रेम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वजन भरले एक किलो दीडशे ग्रॅम! आमच्या दुकानातली काळी सायकल वीस किलोंची असे. लहानपणी ती स्टँडवर चढवताना माझा दम निघायचा.

कार्बन फायबर म्हणजे नक्की काय? स्वेटरच्या स्वस्त लोकरीत ॲक्रिलिकचा धागा असतो. त्याच जातीचा धागा घेऊन तो हवा लागू न देता हजार अंश सेल्सियसच्या वर तापवतात. लोणारी भट्टीला वारा लागू न देता लाकडाचा कोळसा पाडतात, तसाच हा प्रकार. बाकीची द्रव्ये निघून जातात, कार्बन उरतो. हा तंतू जाडीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे सातपट, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो. जपानच्या तोरे कंपनीने १९७१ साली असे तंतू व्यापारी प्रमाणावर काढायला सुरुवात केली. ते आधी विमानांत गेले आणि मग सायकलीत आले. १९८६ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, तीही कार्बन फ्रेमच्या सायकलवर. पुढे सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या, की आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी नसावे असा नियमच केला.

नुसत्या तंतूची फ्रेम होत नाही. इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवलेल्या तंतूंच्या पट्ट्या कापून त्या हाताने एकावर एक बसवतात. तंतूची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेने असते. आडव्या दिशेने तो तितका जोर सहन करत नाही. बांबू उभा चटकन चिरतो, पण आडवा तोडायला कोयता लागतो, हे आपण पाहिलेले असते. म्हणून काही पट्ट्या उभ्या, काही आडव्या, काही तिरप्या लावतात. मग आतून फुगा फुगवून पट्ट्या साच्यावर दाबतात आणि सगळे भट्टीत तापवून कडक करतात.

स्वस्त आणि महाग फ्रेममधला खरा फरक इथे पडतो. तंतू दोन्हींत एकाच प्रतीचा असू शकतो. पण कुठे किती पट्ट्या कोणत्या कोनात लावायच्या याचा अभ्यास, आत सुरकुती वा पोकळी राहू नये म्हणून घेतलेली काळजी आणि शेवटची तपासणी यांना पैसे पडतात. हे काही बाहेरून दिसत नाही, कारण वरचा चकचकीत थर सगळ्यांचा सारखाच. म्हणून फ्रेम निवडताना आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. नामवंत कंपनीचे नकली स्टिकर लावलेली फ्रेम पाहिली की पुढे जायचे. जो नावाबद्दल खोटे बोलतो, तो आतल्या थरांबद्दल खरे का बोलेल? दुसरे, आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे फ्रेमची चाचणी झाली आहे का, हे लेखी मागायचे. त्यातल्या एका चाचणीत फ्रेमवर पायडल मारल्यासारखा जोर एक लाख वेळा देतात.

फ्रेम घरी आल्यावर मी बाजारात मडके घेतात तशी ती वाजवून घेतली. एक रुपयाचे नाणे घेऊन बोटभर अंतरावर हलकेच टकटक करत जायचे. सगळीकडे कणखर, टणत्कार करणारा आवाज यायला हवा. मध्येच कुठे तो बसका, भद्द झाला, तर आतले थर सुटलेले असू शकतात. जाडी बदलते तिथे आवाजही थोडा बदलतो, म्हणून डावी-उजवी बाजू ताडून पाहायची. नंतर बॅटरीच्या उजेडात आतल्या सुरकुत्या पाहिल्या. आमची फ्रेम या परीक्षेत उतरली.

सायकल जुळवण्यात निम्मे काम मापांचे असते. पायडलचा आस जिथे बसतो, तिथले आटे आमच्या फ्रेमला जुन्या इंग्लिश पद्धतीचे होते. या मापाला आजही बीएसए म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका करणाऱ्या या कंपनीचे नाव आपण भारतात सायकलींवर वाचत आलो आहोत. यात उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. अण्णांनी मला दहाव्या वर्षी शिकवलेली ही गोष्ट या परदेशी फ्रेमलाही लागू पडली, तेव्हा फार बरे वाटले.

मग सुटे भाग. शिमानोचा गिअर संच चौतीस हजारांचा. पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रे, मागे ११ पासून ३२ पर्यंत. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते. आमच्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असत. ती एका फेऱ्यात साडेपाच मीटर जायची. सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा घाट त्या सायकलवरून का चढवत नसे, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. हँडल मुलीच्या खांद्यांच्या रुंदीएवढे, म्हणजे ४० सेंटिमीटरचे घेतले. टायर फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद, २८ मिलिमीटरचे घेतले. शर्यतवाले पूर्वी २३ मिलिमीटरचे वापरत. पण आपल्या रस्त्यांवर जास्त हवा मावणारा टायर हाडांना आणि रीमला दोन्हींना बरा.

रीम कार्बनच्या घेऊ या, असा मुलीचा आग्रह होता. मी ॲल्युमिनियमच्या घेतल्या. आमच्या फ्रेमला ब्रेक रीमवर दाबणारे होते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की रीम तापते. ॲल्युमिनियम ती उष्णता भराभर सोडून देते. कार्बनच्या रीममध्ये उष्णता साठली तर राळ मऊ पडू शकते. स्वस्त रीमच्या बाबतीत ही जोखीम मला नको होती. हँडल आणि त्याला धरणारा स्टेमही ॲल्युमिनियमचे घेतले. शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढले, पैसे वाचले. सगळा हिशेब एक लाखाच्या आसपास बसला आणि सायकल भरली आठ किलो चारशे ग्रॅम.

चिमट्याची नळी स्टेममधून वर येते, ती मापाने कापावी लागते. बारीक दातांचे करवतीचे पाते, नाकातोंडावर मास्क आणि कापायच्या जागी ओले फडके, कारण कार्बनची धूळ छातीत जाऊ देऊ नये. कमी कापले तर पुन्हा कापता येते. जास्त कापले तर चिमटा वाया. ते काम मी अर्धा दिवस लावून केले.

आणि इतके सांभाळून मी चुकलो ते अगदी साध्या जागी, सीटच्या दांड्यापाशी. दांडाही कार्बनचा होता. दुकानातल्या सवयीप्रमाणे मी त्याला ग्रीस लावले, फ्रेममध्ये घातला आणि क्लॅम्पचा बोल्ट आवळला. क्लॅम्पवर बारीक अक्षरांत ‘५ न्यूटन-मीटर’ असे लिहिले होते. मुलगी म्हणाली, “बाबा, मोजायचा पाना आणू या का?” मी हसलो. ज्याने शेकडो सायकली जुळवल्या, त्याने बोल्ट मोजून आवळायचा?

पहिल्याच फेरीत सीट दोन-तीन मिलिमीटर खाली सरकली. मी बोल्ट आणखी आवळला. पुढच्या रविवारी पुन्हा सरकली, पुन्हा आवळला. मग सरकायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी सायकल पुसताना क्लॅम्पच्या कडेला केसासारखी रेघ दिसली. ओरखडा असेल असे वाटले. तरी खिशातून नाणे काढून वाजवले. भद्द! दांडा बाहेर काढला, तर दोन सेंटिमीटर चीर खाली गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी त्याच सायकलवर सिंहगडाला निघणार होती.

मी पायरीवर बसलो. सीटचा दांडा मोडला असता तर ती पडली असती. पण ज्या हाताने दांडा आवळला, त्याच हाताने चिमट्याच्या नळीवरचा स्टेमही आवळला होता. ती नळी उतारावर मोडली तर हँडल हातात येते. तेव्हाच स्टेम सोडवला, टाकी पुसून भिंगाखाली पाहावी तशी नळी पाहिली, नाण्याने वाजवली. ती शाबूत होती. तिथे मी ग्रीस लावले नव्हते, म्हणून पुन्हापुन्हा आवळायची पाळी आली नव्हती. एवढ्यावर निभावले. त्या रविवारी मुलगी घरी थांबली.

सोमवारी काट्याचा टॉर्क पाना आणला. बोल्टवर किती पीळ पडतो, हे त्यावरचा काटा दाखवतो. ५ न्यूटन-मीटर म्हणजे वीतभर लांब दांड्याच्या टोकाला अडीच किलोचे माप टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तेवढा. तो चिरलेला दांडा व्हाइसमध्ये धरून क्लॅम्प लावला आणि आकड्याकडे न बघता हाताला ‘बरोबर’ वाटेपर्यंत आवळले. मग पाहिले. काटा अकरावर होता.

असे का झाले, हे आता कळते. लोखंड आधी सांगते आणि मग मोडते. जास्त पिळले तर ते थोडे ताणले जाते, वाकते, आटे मऊ लागतात आणि हात थांबतो. कार्बन असे काही सांगत नाही. तो लांबीच्या दिशेने प्रचंड ओढ सहन करतो, पण क्लॅम्पने चोहोबाजूंनी चिमटलेला त्याला सोसत नाही. वाकणे नाही, ताणणे नाही, सोसेपर्यंत सोसतो आणि एकदम चिरतो. माझा हात लोखंडावर तयार झाला होता. अण्णांचे वाक्य खोटे नव्हते. ते लोखंडाबद्दल होते, एवढेच.

ग्रीसची चूकही तशीच. कार्बनच्या दांड्याला निसरडेपणा नको असतो, पकड हवी असते. त्यासाठी वाळूसारखे बारीक कण असलेली वेगळी पेस्ट मिळते. फ्रेमची नळी स्पिरिटने स्वच्छ पुसली, नाण्याने तपासली, ही पेस्ट लावून नवा दांडा बसवला आणि पाचवर थांबलो. सीट आजवर सरकलेली नाही. नवा दांडा ॲल्युमिनियमचा आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये घाम किंवा खारी हवा शिरली तर ॲल्युमिनियम गंजून आत घट्ट बसते, म्हणून तो दर तीन महिन्यांनी काढून पुसतो. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मला कोणी विचारले, की स्वस्त कार्बन फ्रेम घेऊन सायकल जुळवावी का, तर मी जरूर जुळवा म्हणतो. आपल्या मापाची सायकल आपल्या हाताने उभी करण्यात मोठा आनंद आहे, आणि पैसेही वाचतात. त्यांतले दोन-तीन हजार आधी टॉर्क पान्यासाठी बाजूला काढा. ब्रेकच्या रबरात आणि टायरमध्ये काटकसर करू नका. सायकल पडली, आपटली, तर वरचा रंग शाबूत दिसला तरी नाणे घेऊन बसा. आवाजाची शंका आली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय तिच्यावर बसू नका.

अण्णांची पेटी अजून माझ्याकडे आहे. त्यांच्या पान्यांशेजारी आता काट्याचा पाना ठेवलेला असतो. झाकणाच्या आतून मुलीने एक कागद चिकटवला आहे. कोणता बोल्ट कितीवर थांबवायचा, त्याचे आकडे तिच्या अक्षरात आहेत. रविवारी पहाटे ती निघण्यापूर्वी मी ते आकडे वाचतो आणि एकेक बोल्ट तपासून पाहतो.